नाव न सांगता

मध्यवर्ती कारागृह
२० ऑगस्ट २०२३

प्रिय जॉयसबाय,

तुझं पत्र मिळालं. सोबतची सुकेळी गेटवरच ठेवून घेतली. बाहेरचं खाणं आत येत नाही हे मी दरवेळी लिहितो आणि तू दरवेळी पाठवतेस. फोन करता येतो, पण मागे रांग उभी असली की मला काही सुचत नाही. म्हणून मोठ्या बहिणीला धाकट्या भावाने सांगायचं ते सगळं पत्रातच.

मला नवीन काम मिळालंय. विरारकडच्या एका संस्थेकडे रस्त्यावर सोडून दिलेली, मार खाल्लेली कुत्री असतात. ती माणसांना बिचकतात, म्हणून त्यांना कोणी घरी नेत नाही. संस्थेने साहेबांशी बोलून ठरवलं की त्यातली काही इथे ठेवायची, आम्ही त्यांना माणसांत आणायचं, आणि मग चांगलं घर बघून द्यायची. साहेबांनी बराकीत विचारलं, जनावरांची सवय कोणाला आहे? मी हात वर केला. आपल्या वाडीत कुत्रा नाही असा काळच मला आठवत नाही.

माझ्या वाट्याला आलेला तांबूस रंगाचा आहे, एक कान फाटलेला. आम्ही त्याला मेस्त्री म्हणतो. आल्या दिवसापासून तो प्रत्येक भिंतीपाशी जातो, ती वरून खालपर्यंत बघतो, हुंगतो आणि काम पसंत पडलं नाही अशा चेहऱ्याने पुढे सरकतो. शिकवायला क्षितिजा नावाची मुलगी येते, विरारचीच. कोण कशासाठी आत आलंय हे ती कोणाला विचारत नाही. मारायचं नाही, ओरडायचं नाही, घाई करायची नाही, एवढंच तिने पहिल्या दिवशी सांगितलं.

परवा मी टोपी नीट करायला हात वर केला, तर मेस्त्री जमिनीला चिकटला आणि तिथेच मुतला. मी हात तसाच वर धरून उभा राहिलो. खाली कसा आणावा तेही कळेना. बाय, या हाताने काय केलंय हे त्याला तर कोणी सांगितलेलं नव्हतं.

शेजारच्या ॲनीवहिनी कशा आहेत? मागच्या पत्रांत तू त्यांच्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

तुझा,
फेबियन


होळी, वसई
१ ऑक्टोबर २०२३

प्रिय फेबियन,

लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नव्हतं. विचारलंसच, तर ऐक.

तू भरायला घेतलेलं बावखल, ज्या तळ्यावरून तुमचं भांडण झालं ते, तसंच अर्धं पडलंय. भरावावर गवत माजलंय, उरलेल्या अर्ध्यात पाणी आहे. तू ढकलल्यावर फ्लॉईड ज्या पंपाच्या चौथऱ्यावर पडून गेला, तो चौथरा ॲनीने फोडू दिला नाही आणि त्यावर पुन्हा पंपही बसवू दिला नाही. बादलीने पाणी काढून ती आपल्या केळींना घालते. नवरा गेल्यावर व्हिव्हियनने तिला कुवेतला बोलावलं होतं. ती गेली नाही. मुलगा फोनवर रागावतो आणि ही ऐकून घेते.

रविवारी चर्चमध्ये मी पहिल्या मिस्साला जाते म्हणून ती दुसऱ्या मिस्साला जायला लागली. रस्त्यात समोर आले तर ती खाली बघते. ती मला कधी वाकडा शब्द बोललेली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तुझ्या मेस्त्रीबद्दल वाचून बरं वाटलं. शाळेत शिकवत असताना घरी मार खाणारी मुलं मला लगेच ओळखू यायची. त्यांना लाडाची गरज नसायची. आज आपल्याशी नीट वागलेला माणूस उद्याही तसाच वागेल, एवढं त्यांना पटायला हवं असायचं. तू रोज एकाच वेळी, एकाच आवाजात त्याच्याशी बोलत जा. आणि फार जीव लावू नकोस. तो जाणारच आहे.

जॉयस


मध्यवर्ती कारागृह
१८ डिसेंबर २०२३

प्रिय बाय,

तू सांगितलंस तसंच केलं, आणि ते लागू पडलं. जीव लावू नकोस म्हणालीस, ते मात्र जमलं नाही.

आता मेस्त्री 'बस' म्हटलं की बसतो, 'थांब' म्हटलं की ताटली समोर असूनही थांबतो. दोरीला ओढ देत नाही. सुरुवातीला मी पाठ करून बसायचो आणि भाकरीचा तुकडा मागे धरायचो. माझं तोंड दिसत नसलं तरच तो यायचा. मग एक दिवस तो पुढून आला. मी हात हळूहळू वर नेला, त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि तो हलला नाही. बराकीतला शत्रुघ्न, जो कधी कोणाशी बोलत नाही, तो लांबून बघत होता. म्हणाला, "झालं रे तुझं काम."

जानेवारीअखेर ही कुत्री घरं बघून देणार आहेत. माझ्या मनात एक आहे. तू रागावशील, पण पत्र पूर्ण वाच. मेस्त्री ॲनीवहिनींकडे जावा. त्या एकट्या आहेत, वाडी मोकळी पडलीय, आणि तो फार शांत सोबत करतो. आमच्या गावात एक एकटी बाई आहे, तिला कुत्रा घ्यायला सुचवा, असं मी क्षितिजाला सांगितलंय. त्यांचं माझं काय नातं आहे ते सांगितलं नाही.

तू फक्त एवढं कर की वहिनींच्या कानावर ही संस्था जाऊ दे. माझं नाव कुठेही येता कामा नये. मला त्यातून काही नको. त्यांच्या घरात काहीतरी जिवंत असावं, एवढंच.

नाताळच्या शुभेच्छा. बाळ येशूचा गोठा केलास का या वर्षी?

फेबियन


होळी, वसई
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय फेबियन,

तुझं पत्र वाचून मी ते कपाटात ठेवून दिलं होतं. ज्याने नवरा नेला त्याने कुत्रा पाठवावा, आणि तोही चोरून? उत्तरच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. नाताळच्या मिस्साला ॲनी शेवटच्या बाकावर एकटी बसली होती. आजूबाजूला सगळ्यांची नातवंडं, नवे कपडे, आणि तिच्या शेजारी तिची पर्स ठेवलेली. तेव्हा माझं मन फिरलं. ते फिरलं म्हणजे शहाणं झालं असं मी म्हणणार नाही.

मी क्लेमेंटीनशी बोलले. ती महिला मंडळाची, तिचं ॲनीकडे जाणं-येणं आहे. हल्ली चोऱ्या वाढल्यात, एखादा कुत्रा ठेव, असं तिने ॲनीला सांगितलं. ॲनी नाही म्हणाली. मग संस्थेचं फुलपाड्याला कुत्री देण्याचं शिबिर होतं, तिथे क्लेमेंटीन तिला बळेच घेऊन गेली. लोक पिल्लांभोवती गर्दी करून होते. तुझा मेस्त्री भिंती तपासत तपासत ॲनीपर्यंत आला आणि तिच्या चपलांपाशी बसला. ॲनीने विचारलं, हा कोणाचा? क्षितिजा म्हणाली, तुरुंगात शिकवलेला आहे, आता कोणाचाच नाही. ॲनी वाकून त्याचा फाटका कान बघत होती, असं क्लेमेंटीन सांगते. तुरुंग म्हटल्यावर तिला तू आठवला नसशील असं नाही. पण कैदी हजारो असतात. मग ती म्हणाली, "असू दे. कोणाचाच नाही ना."

रिक्षाने दोघं घरी आली. मी बावखलाच्या अलीकडून बघत होते. मेस्त्रीने आधी सगळं कुंपण तपासलं.

तुला हवं होतं ते झालं. तुझं नाव आलेलं नाही.

जॉयस


मध्यवर्ती कारागृह
३ मार्च २०२४

प्रिय बाय,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. शत्रुघ्नलाही वाचून दाखवलं. त्याने कारण विचारलं नाही, पण ऐकत बसला.

क्लेमेंटीनला सांग की तिने वहिनींना सांगावं, मेस्त्रीसमोर केरसुणी उचलू नका, बाजूला घेऊन झाडा. फटाके वाजले तर त्याला पलंगाखाली जाऊ द्या, ओढून काढू नका. ताक त्याला फार आवडतं. इथे क्वचित मिळायचं.

मला आता एक कुत्री दिलीय, काळी, म्हातारी. पण माझं लक्ष तिकडेच असतं. सकाळी उठलो की वाटतं, आता तो वहिनींच्या मागून बावखलाकडे चालला असेल. किती दिवसांनी मला उद्याचं काही वाटायला लागलंय. सुटून आल्यावर फाटकावरून जाईन, तो मला ओळखेल, वहिनी विचारतील हा तुम्हाला कसा ओळखतो, आणि मग मी सांगेन. असं काहीबाही मनात येतं.

त्या हसतात का गं?

फेबियन


होळी, वसई
९ जून २०२४

प्रिय फेबियन,

हसते. तुला तेच ऐकायचं होतं ना. आता बाकीचंही ऐक.

ॲनी त्या कुत्र्याशी दिवसभर बोलते. आपल्या घरच्या बोलीत बोलते, आणि त्याला ते सगळं कळतं अशी तिची खात्री आहे. फ्लॉईडच्या आरामखुर्चीखाली तो झोपतो. ती खुर्ची तिने एवढे दिवस झाकून ठेवली होती, आता चादर काढलीय. व्हिव्हियनला फोनवर कुत्र्याचा आवाज ऐकवते. गेल्या महिन्यापासून ती पहिल्या मिस्साला येऊ लागलीय, कारण उशीर झाला तर मेस्त्री फाटकाशी रडतो.

परवा तो कुंपणातून आमच्या बाजूला आला. त्याला न्यायला ती आली, आणि तू आत गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, जॉयस, तुझी वेलची केळी यंदा चांगली धरलीत. मी तिला बसायला सांगितलं. बसली. मेस्त्रीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "कोण होता कोण जाणे, पण फार मायेने शिकवलंय गं याला. मी रोज जेवणाआधी त्याच्यासाठी प्रार्थना करते. देव त्याला लवकर घरी आणो."

फेबियन, मी तिच्यासमोर बसून तिला फसवत होते. मला तिला सांगायचंय. आता सांगितलं तर ती रागावेल, रडेल, पण ऐकणारी मी तिच्यासमोर असेन. दुसऱ्याकडून कळलं तर काय होईल ते मला बघायचं नाही. तू हो म्हण.

जॉयस


मध्यवर्ती कारागृह
३० जून २०२४

प्रिय बाय,

नको. हात जोडतो.

त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली हे वाचून मी पत्र मिटून खिशात ठेवलं आणि कुत्रीला घेऊन मैदानाला फेऱ्या मारत राहिलो. तुला कळणार नाही. कोर्टात त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं, ती नजर घेऊन मी इथे राहतो. आणि आता त्याच तोंडून माझं बरं व्हावं असं निघतं. ते एवढ्यात बंद करू नकोस.

मी सुटून आलो की स्वतः जाऊन सांगेन. तुझ्या तोंडून नको, माझ्या तोंडून. तोवर तो त्यांचा झालेला असेल, आणि मग रागावल्या तरी त्याला सोडणार नाहीत. तू आजवर माझं सगळं ऐकलंस, एवढं एक ऐक.

फेबियन


होळी, वसई
२२ सप्टेंबर २०२४

फेबियन,

मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

मागच्या आठवड्यात क्षितिजा ॲनीकडे कुत्रा कसा आहे ते बघायला आली. सगळ्यांकडेच जाते. ॲनीने तिला चहा केला, मटणाचं इंदल आणि पाव खाऊ घातला. मेस्त्रीचं अंग चकचकीत झालेलं बघून पोरगी खूश झाली. बोलता बोलता सहज म्हणाली, याला शिकवणारे अंकल ऐकून फार आनंदतील. तुमच्या होळी गावचेच आहेत. तुम्हाला कुत्रा द्या असं त्यांनीच सुचवलं होतं.

ॲनीने नाव विचारलं. त्या मुलीने सांगितलं. तिला काय ठाऊक?

हे सगळं मला ॲनीनेच सांगितलं, दारात उभी राहून. आत ये म्हटलं तर आली नाही. तिने एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आणि मी तुझ्याकडे बसले होते." मग वळून गेली.

दुसऱ्या दिवशी रिक्षा आली. मेस्त्रीला वाटलं फिरायला जायचंय. तो उडी मारून आधी बसला. ॲनी त्याची चादर, ताटली, सगळं घेऊन संस्थेत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. रविवारी ती कुठल्याच मिस्साला दिसली नाही.

क्लेमेंटीनकडून नंबर घेऊन क्षितिजाने मला फोन केला, रडत होती. काकी, माझं काय चुकलं, विचारत होती. तिचं काहीच चुकलं नाही. मी तिला सगळं सांगितलं.

तुला दोष देऊन मी सुटणार नाही. शाळेत मुलांना सांगायचे, खरं बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि या वयात मी तुझी परवानगी मागत बसले.

जॉयस


मध्यवर्ती कारागृह
६ ऑक्टोबर २०२४

ॲनीवहिनी,

हे पत्र तुम्ही फाडून टाकाल तर तो तुमचा हक्क आहे.

जॉयसबायला तुम्हाला सांगायचं होतं. मी तिला अडवलं. क्षितिजाला काही माहीत नव्हतं. यात जो दोष आहे तो माझा आहे.

मला वाटलं, नाव न सांगता दिलं की ते देणं शुद्ध राहतं. आता कळतंय, मला तुमच्या घरात यायचं होतं आणि दारातून येण्याचं धैर्य नव्हतं.

मेस्त्रीने काही केलेलं नाही. त्याला परत न्या. मी त्याचं नाव पुन्हा कधी काढणार नाही, त्याच्याबद्दल विचारणार नाही, सुटलो तरी तुमच्या फाटकावरून जाणार नाही. मला फक्त चर्चच्या बाजूचा रस्ता पुरेल. तो तुमच्याजवळ राहू दे.

फेबियन


होळी, वसई
१९ जानेवारी २०२५

फेबियन,

पूर्वी तुम्हाला भाऊजी म्हणायचे. आता तो शब्द हातातून उतरत नाही.

तुमचं पत्र फाडलं नाही. उत्तर द्यायचं नव्हतं, पण न दिलं तर तुम्ही तुमच्या मनाने काहीतरी समजून घ्याल, आणि तुमच्या मनाने समजलेलं मला पुरे झालं.

मेस्त्रीला सोडून आले तेव्हा मी रागात होते. घरी आल्यावर फ्लॉईडची खुर्ची पुन्हा झाकली. चार दिवस राग टिकला. मग सकाळी ताक घुसळताना मी त्याच्यासाठी वाटीत थोडं बाजूला काढलं. ते ओतून टाकलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. नाताळपर्यंत असंच चाललं. शेवटी मी स्वतःला म्हटलं, कोणी शिकवला ते जाऊ दे, तो माझा आहे. आणि विरारला गेले.

संस्थेने त्याला फुलपाड्यातल्या एका कुटुंबाला दिला होता. क्षितिजा म्हणाली, मी बोलू का त्यांच्याशी? मी म्हटलं, आधी बघते. इमारतीच्या फाटकाबाहेर उभी राहिले. संध्याकाळी एक मुलगी त्याला घेऊन खाली आली, शाळेच्या गणवेशातच. त्याने मला बघितलं. धावत आला, पायांवर लोळला, रडला. ती मुलगी घाबरून दोरी घट्ट धरून उभी होती. मला म्हणाली, आजी, हा आमचा आहे.

मी म्हटलं, हो बाळा, तुमचाच आहे. मी 'थांब' म्हटलं. तो थांबला. मी निघून आले. मागे वळून बघितलं नाही, कारण तो बसलेलाच असणार हे मला माहीत होतं. तुम्हीच शिकवलंत ना त्याला ते.

तुम्ही माझ्या नवऱ्याला मारायला गेला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. हात उठला आणि व्हायचं ते झालं. पण हे तुम्ही विचार करून केलंत. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. तो नकार माझा होता. माझ्याकडे तेवढं एकच उरलं होतं, तुम्हाला नाही म्हणणं, आणि तेही तुम्ही मला न विचारता घेतलंत. मी तुमच्यासाठी प्रार्थना केली. केलेली प्रार्थना परत घेता येत नाही, मी प्रयत्न केला.

तुम्ही कुठल्याही रस्त्याने चाला. रस्ता गावाचा आहे. मला काही पाठवू नका. पत्रसुद्धा नको.

जॉयसला सांगा, मी तिच्याशी बोलेन. केव्हा ते मलाही माहीत नाही.

ॲनी


मध्यवर्ती कारागृह
२ मार्च २०२५

प्रिय बाय,

वहिनींचं पत्र आलं. त्यांनी तुझ्यासाठी एक निरोप दिलाय: त्या तुझ्याशी बोलतील. केव्हा ते त्यांनाही माहीत नाही. तू आपणहून जाऊ नकोस. त्या येतील तेव्हा येऊ दे. बाकीचं पत्र माझ्यासाठी आहे, ते माझ्याकडेच राहू दे.

मी क्षितिजाला सगळं सांगितलं. तुझ्याकडून तिने ऐकलं होतं, तरी माझ्या तोंडून पुन्हा ऐकून घेतलं. मी काम सोडतो म्हटलं. ती म्हणाली, सोडून त्या काळ्या कुत्रीला काय सांगू? मग आम्ही ठरवलं, यापुढे जो कोणी इथला कुत्रा न्यायला येईल त्याला कोणी शिकवला आणि तो कशासाठी आत आहे हे आधी सांगायचं. साहेब तयार नव्हते. अशाने कोणी कुत्री नेणारच नाही, म्हणाले. क्षितिजाने त्यांना पटवलं.

काल काळीला बघायला एक जोडपं आलं होतं. चांगली माणसं होती. बाईने तिला मांडीवर घेतलं, ती म्हातारीही तिच्या कुशीत तोंड खुपसून बसली. मी समोर उभा होतो. क्षितिजाने त्यांना सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी म्हटलं, मी सांगतो. माझं नाव सांगितलं. गाव सांगितलं. फ्लॉईडचं नाव सांगितलं, आणि मी काय केलं ते सांगितलं.

बाईने कुत्रीला हळूच मांडीवरून खाली ठेवलं. नवऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माफ करा, आम्हाला नाही जमणार."

मी म्हटलं, "बरं."

ती दोघं गेली. काळी दाराकडे बघत उभी होती. मी तिची दोरी उचलली आणि तिला आत घेऊन आलो.

तुझा,
फेबियन